बॅटरीचा चोर कोण?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एका रांजणात ३५ तांबे पाणी मावतं. रोज सकाळी एक पैलवान येतो आणि तीन सेकंदांत घटाघटा एक मोठा घोट पिऊन निघून जातो. त्याच रांजणाला तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक आहे. त्यातून रात्रंदिवस थेंब थेंब पाणी गळतं. आता सांगा, रांजण रिकामा कोण करणार? पैलवान की भोक?

घाई नको. उत्तर मनात ठेवा आणि पुढची गोष्ट वाचा. ती खरीखुरी आहे.

आमच्या शाळेत वाडीवरून पाच मुलं एका जुन्या पांढऱ्या गाडीतून येतात. गाडी चालवणारे काका वेळेचे पक्के. पण उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली आणि एक विचित्र गोष्ट घडू लागली. मंगळवार ते शनिवार गाडी वेळेवर यायची. सोमवारी मात्र सकाळी सात वाजता किल्ली फिरवली की नुसता ‘कट कट कट’ आवाज, आणि गाडी जागची हलायची नाही. मग चारजणांनी धक्का मारायचा, तेव्हा कुठे ती सुरू व्हायची. मुलं घामाघूम होऊन दुसऱ्या तासाला वर्गात.

काकांचा मुलगा माझ्याच वर्गात, पाचवीत. त्याला गाण्यांचं भारी वेड. दर रविवारी संध्याकाळी तो अर्धा तास गाडीत बसून गाणी ऐकायचा. रविवारी गाणी, सोमवारी बॅटरी ठप्प. झालं! सगळ्यांनी त्याच्यावरच खापर फोडलं. धक्का मारणारी मुलंसुद्धा त्याला ‘बॅटरीखाऊ’ म्हणून चिडवू लागली.

काकांनी काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी बसवली. पहिला सोमवार सुखरूप गेला. दुसऱ्या सोमवारी पुन्हा तेच, ‘कट कट कट’. आता मात्र मुलाला चांगलाच ओरडा बसला आणि गाडीची किल्ली काकांच्या खिशात गेली. पुढच्या रविवारी गाडीत कोणी बसलं नाही, गाणी वाजली नाहीत.

आणि सोमवारी? गाडी बंद!

मुलांनो, इथे जरा थांबा. या एका सोमवारानं केवढी मोठी गोष्ट सांगितली बघा. गाणी बंद केली तरी बॅटरी उतरलीच. म्हणजे दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या, तरी पहिलीमुळेच दुसरी घडते असं नसतं. विज्ञानात प्रयोग करताना हेच करतात. ज्याच्यावर संशय आहे ते बाजूला काढायचं आणि काय होतं ते पाहायचं. काकांनी नकळत तो प्रयोगच केला होता.

बॅटरीत असतं तरी काय?

गॅरेजमध्ये जाण्याआधी बॅटरीची ओळख करून घेऊ. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्टन प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केली. आज बहुतेक गाड्यांत असते ती तिचीच नात-पणती.

बॅटरीच्या खोक्यात सहा कप्पे असतात. एकेका कप्प्याचा दाब सुमारे २.१ व्होल्ट. सहांची बेरीज करा, १२.६ व्होल्ट. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारच्या पट्ट्या असतात, एक शिशाची आणि दुसरी शिशाच्या ऑक्साइडची. त्या पाणी मिसळलेल्या गंधकाच्या आम्लात बुडलेल्या असतात. वीज बाहेर जाऊ लागली की आम्लातला गंधकयुक्त भाग दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर चढतो. बाहेरून वीज दिली की तोच थर सुटून पुन्हा आम्लात येतो. याला आपण ‘बॅटरी चार्ज झाली’ म्हणतो.

पण बॅटरी बरेच दिवस रिकामी राहिली तर हा थर घट्ट होतो, त्याचे कडक खडे बनतात आणि मग ते सहजासहजी सुटत नाहीत. ओल्या सिमेंटचं पोतं वेळेवर वापरलं नाही तर काय होतं? तसंच. म्हणून वारंवार पूर्ण उतरलेली नवी बॅटरीसुद्धा लवकर म्हातारी होते. चोर पकडला नाही, तर तिसरी आणि चौथी बॅटरीही वाया जाणार!

गाडी चालू असताना बॅटरी भरण्याचं काम अल्टरनेटर करतो. इंजिनाला जोडलेल्या पट्ट्यावर तो फिरतो आणि वीज तयार करतो. बॅटरीचं मुख्य काम इंजिन सुरू करणं. पूर्वी गाडीपुढे उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे. हँडल उलटं फिरलं की माणसाचा हात मोडायचा. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसवला गेला, आणि हँडलची गरज हळूहळू संपली. स्टार्टर म्हणजेच आपल्या कोड्यातला पैलवान!

गॅरेजमध्ये तपास

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सहाजण गॅरेजवर गेलो. काकांचा मुलगाही आला, पण सगळ्यांच्या मागे उभा राहिला. मेकॅनिककाकांनी बॅटरी रात्रभर चार्जरवर लावून भरून ठेवली होती.

“नवी बॅटरीच खराब निघाली असणार,” काका म्हणाले.

“असंल, नाहीतर नसंलही. आधी मोजू या,” मेकॅनिककाका म्हणाले. “दिवा विझला म्हणून दरवेळी वातच वाईट नसते. तेल गळत असंल, कुणी ओतत नसंल, नाहीतर वात वर सरकली नसंल.”

या एका वाक्यात सगळा तपास आला. बॅटरी सारखी उतरते तेव्हा चारच प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न, जोडणी नीट आहे का? बॅटरीच्या दोन टोकांना टर्मिनल म्हणतात. त्यांवर पांढरा-हिरवा बुरा साचला किंवा वायरीची पकड ढिली झाली, तर बॅटरी भरलेली असूनही वीज पुढे जात नाही. गाडीची टर्मिनल्स स्वच्छ आणि घट्ट होती.

दुसरा प्रश्न, बॅटरी धडधाकट आहे का? मेकॅनिककाकांनी मल्टिमीटर लावला. विश्रांती घेतलेल्या बॅटरीचा दाब असा वाचतात:

१२.६ किंवा जास्त: पूर्ण भरलेली
१२.४: सुमारे पाऊण
१२.२: सुमारे निम्मी
१२.० च्या खाली: जवळजवळ रिकामी

मीटरनं दाखवलं १२.६. मग किल्ली फिरवली. स्टार्टर फिरताना दाब क्षणभर १०.४ पर्यंत उतरला आणि इंजिन सुरू झालं. त्या वेळी दाब साडेनऊच्याही खाली कोसळला असता, तर बॅटरीवर संशय घ्यावा लागला असता. म्हणजे बॅटरी निर्दोष.

तिसरा प्रश्न, बॅटरी भरली जाते का? इंजिन चालू असताना मीटर १४.१ दाखवत होता. हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा लागतो. तो साडेबाराच्या आसपासच राहिला, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बिघडलेला. इथे तेही ठीक होतं.

उरला चौथा प्रश्न, वीज कुठे गळते का?

मेकॅनिककाकांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि बॅटरीच्या ऋण टर्मिनलची वायर सोडवली. ते टर्मिनल आणि सुटलेली वायर यांच्यामध्ये मीटर जोडला. म्हणजे गाडीत जाणारी सगळी वीज आता मीटरमधून जाणार. फ्यूजची पेटी दाराजवळ होती, म्हणून दार उघडं ठेवावं लागलं. पण दार उघडं की आतला दिवा लागतो. “हे दाराचं बटण दाबून धरायला कोण येतंय?” त्यांनी विचारलं. मागे उभा असलेला मुलगा पुढे आला आणि त्यानं बटण दाबून धरलं.

मीटरवर आकडा आला ०.४४ अँपिअर.

बंद गाडीतही थोडी वीज लागते. घड्याळ, गाण्यांच्या यंत्राची स्मरणशक्ती, नव्या गाड्यांतले छोटे संगणक. पण हे सगळं मिळून साधारण ०.०५ अँपिअरच्या आत हवं. इथे जवळजवळ नऊ पट वीज जात होती! कोणीतरी गुपचूप पीत होतं.

आता मेकॅनिककाका एकेक फ्यूज काढून मीटरकडे पाहू लागले. पहिला, दुसरा, तिसरा, आकडा हलेना. पाचवा फ्यूज काढला आणि ०.४४ चा आकडा धाडकन ०.०१ वर आला. त्या फ्यूजवर नाव होतं गाण्यांच्या यंत्राचं.

“बघा!” काका म्हणाले. “मी म्हणत नव्हतो?”

बटण दाबून उभा असलेल्या मुलाचा चेहरा पडला.

पण मेकॅनिककाकांनी मान हलवली. “थांबा. एका फ्यूजवर एकच गिऱ्हाईक नसतं.” त्यांनी फ्यूज परत बसवला आणि या वेळी फक्त गाण्यांच्या यंत्राची जोडणी काढली. मीटर म्हणाला, ०.४३. म्हणजे यंत्र पीत होतं अवघं ०.०१. त्याच फ्यूजवर आणखी कोण होतं? आतला दिवा, तो बंद होता. आणि डिकीतला दिवा.

मेकॅनिककाका मागे गेले, डिकी उघडली आणि लगेच दिव्यावर बोट ठेवून झटकन काढलं. “चटका बसला! डिकी आत्ता उघडली, आणि दिवा एवढा तापलाय?”

मुलं एका सुरात ओरडली, “म्हणजे बंद डिकीत तो चालूच होता!”

डिकीच्या झाकणाला आतून एक रबरी गुंडी असते. झाकण बंद झालं की ती दिव्याचं बटण दाबते. ती गुंडीच पडून गेली होती. दिवा काढला, गाण्यांचं यंत्र परत जोडलं, डिकी बंद केली. मीटर ०.०२. चोर सापडला! नवी गुंडी बसली ती अगदी थोड्या पैशांत.

आता न्याय करू गणितानं

दिवा होता ५ वॅटचा. ५ ला १२ नं भागलं की सुमारे ०.४२ अँपिअर. एवढासा दिवा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी खरंच रिकामी करेल?

अँपिअर-तास म्हणजे काय, ते सोपं आहे. १ अँपिअर वीज १ तास वाहिली की १ अँपिअर-तास खर्च झाला. ही आपली ‘तांब्या’ची मापं.

गाडी शनिवारी दुपारी १२ ला उभी राहायची आणि सोमवारी सकाळी ७ ला निघायची. किती तास? ४३. एकूण गळती ०.४४ अँपिअर.

४३ × ०.४४ = १८.९२ अँपिअर-तास. बॅटरीचा निम्म्याहून जास्त साठा गेला! त्यातून गाडी रोज शाळेपुरतीच चालायची, त्यामुळे शनिवारीही बॅटरी काठोकाठ भरलेली नसायची. इतर दिवशी गाडी एकच रात्र उभी असायची, म्हणून निभावायचं. सोमवारचं रहस्य ते हेच.

आता गाणी. आवाज बेताचा असेल तर यंत्र साधारण १ अँपिअर वीज घेतं. अर्धा तास म्हणजे ०.५ अँपिअर-तास. कुठे १८.९२ आणि कुठे ०.५!

आणि आपला पैलवान, तो स्टार्टर? तो १५० अँपिअर घेतो असं धरू, पण फक्त ३ सेकंद. १५० × ३ = ४५०. एका तासात ३६०० सेकंद, म्हणून ४५० ला ३६०० नं भागा. उत्तर ०.१२५ अँपिअर-तास. एवढी वीज तर तो डिकीतला दिवा १८ मिनिटांत पिऊन टाकतो! कोड्याचं उत्तर मिळालं ना? रांजण पैलवानानं नाही, भोकानं रिकामा केला.

फळ्यावर हे गणित सोडवायला मी त्या मुलालाच बोलावलं. खडू खाली ठेवून तो जागेवर गेला, तेव्हा ‘बॅटरीखाऊ’ म्हणणारा वर्ग गप्प होता. मग एकानं उठून “चुकलो रे” म्हटलं. त्या रविवारी काकांनी स्वतः त्याच्या हातात किल्ली दिली, असं त्यानं मला सोमवारी सांगितलं. आणि हो, सोमवारी पाचही मुलं प्रार्थनेला हजर होती.

करून पाहा

बॅटरीला हात न लावता हाच प्रयोग घरी करता येईल. टपटपणाऱ्या नळाखाली वाटी ठेवा. नळ गळत नसेल तर मुद्दाम अगदी थोडा, थेंब थेंब सोडा. बरोबर १० मिनिटांनी वाटीतलं पाणी औषधाच्या मापानं मोजा. त्याला ६ नं गुणा, मग २४ नं. दिवसभरात किती लिटर झालं? घरातल्या प्रत्येकाला आधी अंदाज विचारा, मग उत्तर सांगा. वाटीतलं पाणी तुळशीला घाला.

आई-बाबांसाठी चार ओळी

हे काम मोठ्यांचं आहे; मुलांनी फक्त पाहावं. बॅटरीत आम्ल असतं आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जवळ काडी, उदबत्ती, सिगारेट नको. हातातली अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलना एकदम टेकला तर तो क्षणात लालबुंद तापू शकतो.

वायर सोडवताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी. गाडीचं सगळं लोखंडी अंग ऋण टोकाला जोडलेलं असतं. ते आधी सोडवलं, की धन टोकाचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

टर्मिनलवरचा बुरा खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं निघतो. हातमोजे घाला आणि ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करून वर व्हॅसलीनचा हात द्यावा. बुचं असलेल्या बॅटरीत पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं पाणी नको, आम्ल तर मुळीच नको.

गळती मोजताना मीटर जोडलेला असेपर्यंत किल्ली फिरवू नका. स्टार्टरची वीज मीटरला सोसणार नाही. नव्या गाड्यांतले संगणक गाडी बंद केल्यावर झोपी जायला अर्धा तासही घेतात, तोपर्यंत आकडा मोठाच दिसतो. अशा गाडीचं काम जाणकाराकडून करून घ्यावं. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच, आणि ती उतरली तर तीही गाडी अडते.

आपल्याकडच्या उन्हात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं साथ देते. त्यानंतर तिचा दम खरोखरच संपलेला असू शकतो. जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका. नवी घेताना दुकानात परत करा. शिसं विषारी असतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आणि घरात एखादी वस्तू बिघडली की सगळ्यांत लहान माणसावर बोट रोखण्याआधी एकदा मोजून पाहू या.

डोकं चालवा

१. दार नीट न लागल्यामुळे १० वॅटचा दिवा संध्याकाळी ६ पासून सकाळी ६ पर्यंत चालू राहिला. १२ व्होल्टच्या बॅटरीतून किती अँपिअर-तास गेले?

२. एका गाडीची बॅटरी इंजिन बंद असताना १२.३ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असतानाही १२.३ च. चार प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे?

३. ३५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी असलेली निरोगी गाडी फक्त ०.०३ अँपिअर वीज घेते. तुम्ही सुट्टीत आजोळी गेलात. साठा निम्म्यावर यायला किती दिवस लागतील?

उत्तरं: १. १० अँपिअर-तास. २. तिसऱ्या, बॅटरी भरली जात नाही, अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासा. ३. सुमारे २४ दिवस. म्हणून लांबच्या सुट्टीत शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास फिरवून आणायला सांगावं.

तुमच्या नळाचं उत्तर किती आलं ते पोस्टकार्डावर जरूर कळवा. आणि हो, पुढच्या आठवड्यात भेटू सायकलच्या साखळीला. ती नेमकी चढावरच का पडते, सांगा बरं?